दूधवाल्याची पोर दूध पीत नव्हती

हे आजवर कुणाच्याच कानावर घातलेलं नाही. बायकोच्या नाही, काकांच्या नाही. देवळात हात जोडले तरी तिथंसुद्धा मी दुसरंच काहीतरी बोलतो आणि प्रसाद घेऊन माघारी येतो. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. म्हणूनच जमेल असं वाटतंय. बघू — जमतंय का.

आधी एवढं सांगतो की मी वाईट माणसांत राहत नाही. आखाडा बाळापूरच्या लोकांनी मला जगवलं. मी मूळचा कोल्हापूरकडचा. आठवीत शाळा सोडली, दुधाच्या टँकरवर चढलो आणि फिरत फिरत इथं येऊन उतरलो. इथून आमच्या गावाला जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, म्हणून जाणं होत नाही. काकांचं इथं दूध संकलन केंद्र आहे. काका म्हणजे माझे नात्यातले कुणी नव्हेत, सगळा बाजारच त्यांना काका म्हणतो. पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारायच्या आधी ‘जेवला का’ विचारलं. मग काम दिलं. मग केंद्राच्या मागच्या गल्लीतली खोली दिली. लग्न करून शालनला घेऊन आलो तेव्हा काकूंनी तिची ओटी भरली, तिला कवटाळून म्हणाल्या, ‘माहेर लांब हाय म्हणून रडायचं न्हाई, मी हाय ना.’ परक्या मुलखात एवढं कोण करतं?

हे मी का सांगतोय — माझी बाजू भक्कम करायला? असेल. तसं असेल तर ते तुम्ही वजा करून वाचा.

माझं काम असं. सकाळी आणि संध्याकाळी आजूबाजूचे शेतकरी किटल्या-बरण्या घेऊन येतात, मी दूध मोजून घेतो, यंत्रावर फॅट बघतो, कॅन भरतो. मधल्या वेळात गावात रतीब घालतो. दारात गेलो की बायका म्हणायच्या, ‘आलं बघा कोल्हापूरचं दूध.’ गाई-म्हशी त्यांच्याच गावच्या, दूध त्यांच्याच शिवारातलं, कोल्हापूरचा फक्त मी! पण मला ते ऐकायला बरं वाटायचं. माझ्याकडे त्या एका नावाशिवाय काय होतं?

मग राणू झाली. अंगावर पीत होती तोवर सगळं ठीक होतं. वर्षाची झाली आणि वरचं दूध सुरू करायची वेळ आली. लोकांना काळजी पडते, चांगलं दूध कुठून आणायचं. आमच्या तर दारातच दुधाचे कॅन. मी मोठ्या रुबाबात एका चांगल्या गाईचं दूध वेगळं काढून आणलं. शालननं उकळलं, गार केलं, वाटीचमच्यानं पाजलं. पोरीच्या अंगावर गांधी उठल्या. ओकली. चार दिवसांनी पुन्हा दिलं, पुन्हा तेच, आणि शीतून रक्त.

काकू म्हणाल्या, गाईचं सोसलं नसंल, बकरीचं द्या, ते हलकं असतंय. बकरीचं दिलं. तसंच झालं. शेवटी नांदेडला लेकरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की हिला दुधातलंच काहीतरी सोसत नाही. गाय, म्हैस, बकरी, हिच्यासाठी तिन्ही एकच. दूध, दही, पेढा, खवा, सगळं बंद. मोठी होईल तसं बहुतेक सुटेल, पण आपल्या मनानं देऊन बघायचं नाही. इथं, दवाखान्यात, आमच्यासमोर बघायचं. एखाद्या वेळी घसा सुजू शकतो.

घसा सुजू शकतो. हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. ते लक्षात ठेवा.

शालननं विचारलं, मग पाजू काय? आमच्याकडं नारळाचं दूध काढतात, ते चालंल का, तांदळाची पेज चालंल का. डॉक्टर म्हणाले, ती अधूनमधून द्या, पण त्यानं पोट भरेल, अंग धरणार नाही. सोयाबीनचं दूध थोडं थोडं देऊन बघा, चांगलं उकळून. आणि नुसत्या दुधावर बसू नका — नाचणी, वरण, अंडं, तिळाची पूड, सगळं चालू करा. वर कॅल्शियमचं औषध लिहून दिलं.

आता बघा. आमच्या ह्या हिंगोली जिल्ह्यात डोळा पुरत नाही एवढं सोयाबीन पिकतं. कापलं, मळलं, पोती भरली की थेट मोंढ्यात विकायला. घरात खाणारं कुणी नाही. ते गिऱ्हाइकाचं पीक, घरच्या माणसाचं नाही. शालननं काकूंच्या शेतातलंच पायलीभर मागून आणलं. रात्री भिजत घालायची, सकाळी चोळून चोळून सालं काढायची, वाटायची, फडक्यातून पिळायची. मग चुलीवर — फेस वर यायचा, ती ढवळत उभी राहायची, कच्चा वास पुरता जाईपर्यंत. पहिल्यांदा केलं ते राणूनं थुंकून टाकलं. दुसऱ्यांदा शालननं त्यात खारकेची पूड घातली. तिसऱ्यांदा पोरीनं पेला दोन्ही हातांनी धरला आणि तळ दिसेपर्यंत प्यायली. शालनचं तोंड तेव्हा कसं फुललं होतं! परीक्षेत पास झाल्यासारखं. ‘आवं, बघितलासा का? संपिवलं की समदं!’

पोर भरायला लागली. गाल आले. आणि मला — खरं सांगतो — मला लाज वाटायला लागली.

दूधवाल्याची पोर दूध पीत नाही. हे गावात कळलं तर? लोक आजार समजून घेतात का? लोक म्हणणार, ह्याच्या दुधातच काहीतरी असेल, म्हणून घरच्या लेकराला पाजत नाही. मी शालनला बजावलं, कुणाला बोलायचं नाही. ती म्हणाली, ‘आजार लपवून काय मिळायचंय? कळलं तर उलट कुणी चुकून देणार न्हाई.’ बरोबर बोलत होती. मी तिच्यावर ओरडलो. सालं उकिरड्यावर टाकायची तीसुद्धा कागदात गुंडाळून टाक म्हणालो. काकूंना ठाऊक होतं, तेवढंच. पण गल्लीत काय लपतं? सकाळी पाट्यावर सोयाबीन वाटलं की चार घरांना वास जातो.

मग एका उन्हाळ्यात दूध नासायला लागलं. कॅन उन्हात थांबले की नासणारच. दोन-तीन घरांत चहा फाटला, एका बारशाला खीर फाटली. गावात उठलं की दुधात पावडर आहे. एका सकाळी रतीबाची चार-पाच गिऱ्हाइकं केंद्रावर येऊन उभी राहिली. राणू माझ्याजवळ होती. शालन घरी धुण्याला बसलेली, म्हणून मी पोरीला खांद्यावर घालून आणलेलं. दोन वर्षांची होती. काका खुर्चीवर बसून होते, त्यांचं तोंड उतरलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

इथली रीत अशी की दुधावर संशय आला तर दूधवाल्यानं सगळ्यांसमोर ते पिऊन दाखवायचं. मी कॅनमधलं पेलाभर काढलं, प्यायलो. वाटलं, मिटलं. तेवढ्यात ज्याच्या घरची खीर फाटली होती तो म्हणाला,

‘तू तर पेशीलच ना बे. तुझं पोटच त्याच्यावर हाय.’

दुसरा हसला. ‘अन् ह्याची पोरगी काहून पेत न्हाई? आमच्या घरचे सांगून राहिले, ह्याच्या घरी सोयाबीन वाटतेत रोज.’

‘व्हय की! आपल्या लेकराले सोयाबीन अन् आमच्या लेकरायले पावडर!’

सगळे हसले. एवढंच. कुणी अंगावर आलं नाही, कुणी शिवी दिली नाही. हसले फक्त. मला सांगता आलं असतं, पोरीला आजार आहे, दवाखान्याचा कागद घरात आहे, चला दाखवतो. काय लागलं असतं त्याला? चार शब्द. पण मला वाटलं, आता आजार म्हणालो तर बहाणा वाटेल. माझ्यापायी काकांचं नाव जाईल. ते वाटलं हे खरं आहे. पण त्याहून खरं हे की ते हसू मला सहन झालं नाही. आठवी नापास परगावच्या पोराला लोक हसतात तसं ते हसू होतं आणि ते मी ओळखत होतो.

चहासाठी तापवलेलं दूध टोपात होतं. मी पेल्यात ओतलं, फुंकून गार केलं. राणूला मांडीवर घेतलं आणि तिच्या तोंडाला लावलं.

ती प्यायली. पोरीला आवडलं. तिनं पेला दोन्ही हातांनी धरला, मध्येच माझ्याकडं बघून हसली — बाबा कधी पाजत नाही ना, आज पाजतोय म्हणून — आणि पुन्हा तोंड लावलं. ओठावर पांढरी मिशी आली. ज्याची खीर फाटली होती त्यानंच तिच्या गालाला हात लावला. म्हणाला, ‘पेऊन राहिली की घटाघटा! जाऊ द्या काका, उन्हानंच फाटलं असंल.’ आणि गेले सगळे.

मी काय विचार करत होतो? कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. थोडंच आहे, काही होणार नाही, आता मोठी झाली, सुटलं असेल, असलं काहीतरी. घशाचं वाक्य आठवलं का? आठवलं. पेला तोंडाला लावायच्या आधी आठवलं.

तिला घरी नेऊन शालनच्या हातात दिलं. तोंड आधीच पुसलं होतं, माझ्या सदऱ्यानं. म्हणालो, भूक लागलीय हिला. आणि केंद्रावर परत आलो. का म्हणालो तसं? तिला लगेच सोयाबीनचं दूध पाजलं जावं म्हणून? वरून दुसरं काही गेलं की आधीचं झाकलं जाईल असं वाटलं का मला? मी ह्याचा फार विचार केलाय. उत्तर मिळालं की लिहायला हात धजत नाही, म्हणून एवढ्यावर सोडतो: मी म्हणालो, भूक लागलीय हिला.

शालननं पेला भरला, पाजला. दोन घोटात पोरीचे ओठ सुजले. अंगभर गांधी. ओकली, आणि श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. फोन आला, ‘आवं, हिचं तोंड सुजलंय, पळत या, पळत या.’

काकांनी जीप काढली. गावातल्या दवाखान्यात सुई दिली आणि पुढं नांदेडला पाठवलं. वाटेत शालन पोरीच्या छातीवर कान ठेवून बसली होती. नांदेडला तेच डॉक्टर. पोरीच्या नाकावर वाफेचं नळकांडं लावलं. मग ते वळले आणि विचारलं, दूध पोटात गेलंय का हिच्या?

आता इथं थांबतो थोडं.

शालन माझ्याआधी बोलली. ती म्हणाली, ‘साहेब, माझ्या हातनं झालं. ह्यांच्या चहाचं दूध आन् हिचं दूध एकाच ओट्यावर हुतं. भांडी एकासारखी एक. मी धुण्याच्या गडबडीत… दुसरं कायबी दिल्यालं न्हाई मी हिला. म्हंजे भांडंच बदललं असणार.’

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो — ‘तसंच झालं असंल.’

तीन शब्द. आई-बापाची शपथ, एवढेच बोललो. डॉक्टर तिला रागावले. फार नाही, पण रागावले. तिनं मान खाली घालून ऐकून घेतलं, आणि ते गेल्यावर माझे पाय धरले. माझे! म्हणाली, मला माफ करा. मी म्हणालो, असू दे, होतं माणसाकडून. मी तिला माफ केलं. कळतंय का तुम्हाला? मी तिला माफ केलं, आणि तिनं डोळे पुसले, आणि तिला माझा आधार वाटला.

राणू वाचली. दोन दिवसांत खेळायला लागली. मला वाटलं, पोर वाचली, आता सांगून काय उपयोग — बाई मोडून पडेल, संसार मोडेल, काकांना तोंड कसं दाखवू. प्रत्येक दिवशी एक नवीन कारण मिळायचं, आणि पुढच्या दिवशी सांगणं आणखी अवघड झालेलं असायचं.

घरी आल्यावर एकदा राणू रिकामा पेला घेऊन माझ्याकडं आली आणि माझ्या हातात देऊन मांडीवर चढून बसली. शालन म्हणाली, ‘का गं, आता बाबाच पायजे व्हय पाजायला?’ आणि हसली. मी पेला घेऊन उठलो आणि मोरीत जाऊन उगाच विसळत बसलो.

माझ्या आईनं फोनवर शालनला फैलावर घेतलं, ‘सोताच्या लेकराचं दूध वळखू येईना व्हय गं तुला?’ फोन मोठ्या आवाजावर होता. मी तिथंच जेवत होतो. जेवत राहिलो. गल्लीतल्या बायका तिच्यासमोर चांगलं बोलायच्या आणि पाठीमागं म्हणायच्या, लक्ष न्हाई बाईचं. त्या सकाळच्या माणसांपैकी कुणी तरी बोलेल, दोन गोष्टी जोडेल, ह्या भीतीनं मी कितीतरी दिवस रस्त्यावर त्यांना टाळत होतो. कुणी जोडल्या नाहीत. पोर आजारी पडली म्हणे, उन्हाचं चाललंच आहे, एवढंच लोकांनी म्हटलं. काकांनी जोडल्या का? माहीत नाही. त्या दिवसापासून त्यांनी राणूसाठी केंद्रावरून कधी पेढासुद्धा पाठवला नाही, आणि मला कधी काही विचारलंही नाही.

शालननं घरात दूध आणणं बंद केलं. मी काळा चहा पितो. तिनं सोयाबीन सोडलं नाही. रोज भिजवलं, रोज वाटलं, पण पाजायच्या आधी वास घ्यायची, चाखायची, पुन्हा वास घ्यायची, मग पेला माझ्यासमोर धरायची. ‘बघा हो. हेच हाय न्हवं?’ मी बघायचो आणि म्हणायचो, हेच आहे. मग ती पाजायची. तिचा स्वतःच्या जिभेवर भरवसा नव्हता. माझ्यावर होता.

दुसऱ्या लेकराचा विषय मी काढला तेव्हा ती म्हणाली, ‘नको. माझ्या हाताचं खरं न्हाई.’ वाद घातला नाही, रडली नाही. जशी एखादी म्हणते मला शिवण येत नाही, तशी म्हणाली. काकूंची सून बाळंतीण झाली, बारशाला सगळ्या बायकांनी बाळ घेतलं. हिच्यापुढं धरलं तर हिनं हात पदराखाली घेतले. काकू म्हणाल्या, ‘घे गं, चावत न्हाई ते.’ सगळ्या हसल्या. हीपण हसली, पण हात बाहेर काढले नाहीत. दूध काढणारी, दळणारी, वाटणारी बाई — त्या हातांनी एका पोरीला सोयाबीनवर वाढवलं. त्या हातांना मी काय केलं?

डॉक्टर म्हणाले होते तसं झालं. राणू मोठी झाली तसं सुटत गेलं, दवाखान्यात बसवून थोडं थोडं देऊन बघितलं, आता तिला काही होत नाही. चौथीत आहे. लग्नात पनीर खाते, दही मागून घेते. गोष्ट संपायला पाहिजे ना? मलाही वाटलं होतं, संपेल.

मागच्या महिन्यात तिच्या वर्गातल्या दोघी घरी आल्या होत्या. शालन भाकरी करत होती, मी दारात बसलेलो. पोरी आपापल्या दुखण्याच्या गोष्टी सांगत होत्या, कुणाचा हात मोडला, कुणाला विंचू चावला. राणू म्हणाली, ‘माझं तर ऐका! मी लहान होते ना, तर माझ्या मम्मीनं मला चुकून दुसरंच दूध पाजलं. मी मरतच होते! हो ना मम्मी?’

असं मजेत सांगत होती. पोरींनी ‘अय्यो’ केलं. एकीनं विचारलं, ‘काकू, खरंच तुम्ही पाजलं?’

शालन तव्याकडं बघत म्हणाली, ‘व्हय बाई. माझ्याच हातनं झालं.’

राणूनं माझ्याकडं बघितलं. तिला वाटलं, बाबा आता पुढची गोष्ट सांगतील, जीपची, दवाखान्याची. मी म्हणालो, ‘जेवून घ्या गं आधी.’

तर ती गोष्ट आता माझ्या पोरीची झालीय. ती सासरी नेईल, तिच्या लेकरांना सांगेल. त्यात शालन चुकलेली असेल आणि मी जीपमधून दवाखान्यात नेणारा बाप असेन. तिला दुसरी गोष्ट माहीत नाही, कारण ती मी तिला दिली नाही. ह्यावर उपाय आहे हे मला कळतं. उपाय म्हणजे आतल्या खोलीत जायचं आणि तोंड उघडायचं. मी ते केलेलं नाही. इथं लिहिलं म्हणजे ते केलं, असंही मी म्हणत नाही.

त्या सकाळी ओट्यावर दोन भांडी होती. शालननं बरोबर भांडं उचललं होतं.